थंड इंजिनाचा चोक

समोरच्यांची नवी विजेची गाडी सकाळी गल्लीतून निघाली, तेव्हा रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. शेवटी त्यांना हॉर्न वाजवावा लागला. खिडकीतून ते पाहताना मला उगाच अस्वस्थ वाटलं.

आमच्या फाटकाच्या आत यांची जुनी पेट्रोल गाडी उभी आहे. हे जाऊन चार महिने झाले. आठवड्यातून एकदा ती सुरू करायला गॅरेजवाले मुनीरभाई येतात. थंड इंजिनाला चोक किती ओढायचा, मग तो हळूहळू आत कसा ढकलायचा, हे यांच्या बोटांना ठाऊक होतं. मी कधी शिकले नाही. आता काही वर्षांनी ते कुणालाच शिकावं लागणार नाही.

आज बॉनेट पुसत मुनीरभाई म्हणाले, "काकू, आत्ता गिऱ्हाईक आहे. उशीर केलात तर भंगारवाला येईल, तोही उपकार केल्यासारखा."

"जुन्या गाड्यांचे शौकीन असतात ना?"

"ते राजेरजवाड्यांच्या गाड्या घेतात. ही आपली मास्तरांची."

मला हसू आलं आणि लगेच धास्ती वाटली. बाजारात एखाद्या वस्तूला कुणी विचारेनासं झालं, की ती जपणारं माणूसही लोकांना खुळं वाटू लागतं. पुढे माझी मुलंही माझ्याकडे तसंच पाहतील का?

मुनीरभाईंनी चोक ओढला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि एका लयीत आलं.

"मग बोलावू गिऱ्हाइकाला?"

"बोलवा," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "थोडा वेळ बंद करू नका."