मामांनी न चाखलेली पिनो

माझ्या आजोळी एका बागेला ‘ज्यूसची बाग’ म्हणतात. सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर मामांची चार एकर द्राक्षं आहेत. त्यातली तीन एकर खायची. उरलेल्या एकरात अर्ध्यावर शार्डने आणि अर्ध्यावर पिनो न्वार; मामांच्या भाषेत पांढरी आणि काळी. ही द्राक्षं गावाबाहेरच्या एका छोट्या वाइनरीत जातात हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. पण आम्ही जैन, त्यात मामी पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या, त्यामुळे ती ‘ज्यूसला’ जातात. पहिल्या वर्षी मामांनीच हा शब्द काढला आणि कुणी खोडला नाही. मीही फोनवर विचारायचे, “मामा, ज्यूसची बाग कशी आहे?”

मामांनी ती लावली हौसेनं. नवीन जात दिसली की त्यांना राहवत नाही. वाइनरीचे मालक बाहेरदेशी शिकून आलेले. काळी ही थंड मुलखातली, आपल्या उन्हात तिचे हाल होतील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मामा म्हणाले, बघू तरी. आणि हाल झालेच. काळीचे घड मुठीएवढे, गच्च, साल पातळ. फेब्रुवारी सरता सरता मणी भाजायला लागायचे. मग मामांनी मामींच्या जुन्या साड्या मागून घेतल्या आणि ओळींच्या मावळतीच्या बाजूला तारांना बांधल्या. लांबून तिथे कुणीतरी धुणं वाळत घातलंय असं वाटायचं. सहा-सात वर्षं त्यांनी ती काळी अशी जपली. मणी चाखायचे, बी दाताखाली फोडून कडू लागते का बघायचे. पण बाटलीत गेल्यावर तिचं काय होतं ते त्यांना कधीच कळलं नाही.

मी साताऱ्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि आता इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीच्या डिझाइन विभागात आहे. ऑफिसात मी फार बोलत नाही. मला बोललेलं सगळं ऐकू येतं आणि उत्तर सुचतं, पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर विषय पुढे गेलेला असतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या विभागाची रविवारची सहल ठरत होती. आमच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी फोनवर एका जागेचे फोटो दाखवले. पत्र्याची शेड आणि मागचा लिंब मी लगेच ओळखला; मामांची द्राक्षं जायची तीच वाइनरी.

“तू त्या बाजूची ना? माहितीये का ही जागा?” त्यांनी विचारलं.

“नाव ऐकलंय,” मी म्हणाले.

घरीही मी फक्त ‘सहल’ एवढंच सांगितलं. मनाशी मात्र एक सोय करून ठेवली होती. अशा ठिकाणी चव घेऊन थुंकायला बादली ठेवतात असं वाचलं होतं. गिळलं नाही म्हणजे प्यायलं नाही. मला फक्त बघायचं होतं, मामांच्या द्राक्षांचं पुढे काय होतं ते. निदान तेव्हा तरी मला असंच वाटत होतं.

आम्ही सातजण अकराच्या सुमारास पोचलो. आत गारवा होता. स्टीलच्या टाक्या, एक लांब टेबल, त्यावर ग्लास आणि खाकऱ्याचे तुकडे. मालक अंगानं बारीक, बोलायला संकोची. त्यांनी आधी शार्डने ओतली. सगळ्यांनी ग्लास फिरवले, मीही फिरवला. वास कैरीचा नाही, पण कैरी चिरल्यावर हाताला राहतो तसा काहीतरी आला. घोट थंडगार आणि जरा सायीसारखा. मी बादलीकडे बघितलं. कुणीच थुंकत नव्हतं. बादलीपर्यंत चालत जायचं म्हणजे सहाजणांनी माझ्याकडे बघायचं. मी गिळून टाकलं.

मग पिनो आली. इतकी फिकट की आमच्यातला एकजण म्हणाला, “सर, पाणी जास्त पडलंय का?” सगळे हसले. मालकही ओशाळं हसले. मी ग्लास नाकाशी नेला. साताऱ्याजवळ मेढा गावाच्या बाजूला मे महिन्यात बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात. तो द्रोण रिकामा झाल्यावर पानाला जो वास उरतो, तो मला आला. चव हलकी होती, पण ती संपत नव्हती. गिळल्यावर खूप वेळानं जिभेच्या कडेला एक तुरट, गोड काहीतरी येऊन थांबलं. दुसरा घोट मी कुणासाठी घेतला नाही, मला हवा होता म्हणून घेतला. तिसराही.

“आवडली वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “काय लागतंय तुला?”

मी बोलले. इंग्रजीत, सलग, चार-पाच वाक्यं. वासाबद्दल, त्या मागून येणाऱ्या तुरटपणाबद्दल, आणि ही फिकट असली तरी दुबळी नाही याबद्दल. शब्द कुठून येत होते कोण जाणे. सगळे गप्प बसून ऐकत होते. मालकांनी मान हलवली आणि माझा ग्लास पुन्हा भरला. ऑफिसात तीन वर्षांत असं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार छान वाटलं.

आणि तेव्हा मागच्या दारातून मामा आले.

डोक्यावर टोपी, हातात रबरी नळीचं भेंडोळं. मालकांचं काहीतरी द्यायला आले असावेत. त्यांनी आधी मालकांना बघितलं, मग मला, मग माझ्या हातातल्या ग्लासाला. मालक खुशीत म्हणाले, “हे बघा, तुम्ही आत्ता प्यायलात ना, ती पिनो यांच्या शेतातली. सगळी. आणि गंमत म्हणजे यांनी आजवर थेंबभर चाखलेली नाही!”

एकच गलका झाला. “काका, या या! एक फोटो! ग्लास धरा ना हातात.”

“आवं न्हाई, आमाला चालत न्हाई,” मामा हसत म्हणाले.

“काय काका! साताऱ्याचा हलवाई आणि म्हणतो कंदी पेढा खात नाही!”

“डाक्टर तरी सगळी औषधं कुठं पितोय?” मामांनी उलट विचारलं, आणि ते सगळे आणखीनच हसले.

मी ग्लास मॅडमच्या पर्समागे सरकवला. एक वाक्य बोलायचं होतं. हे माझे मामा. आईचे सख्खे भाऊ. मला ते वाक्य इंग्रजीतही येत होतं. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, मला वाव देत होते. कुणीतरी माझ्या हातात फोन दिला. “तू काढ गं फोटो, तुझा हात स्थिर असतो.”

मी फोन धरला. चौकटीत सगळे सहाजण, मध्ये मामा, एकाचा हात त्यांच्या खांद्यावर. मामा भलतीकडेच बघत होते.

“काका, इकडे बघा,” मी म्हणाले.

त्यांनी बघितलं. शाळेतल्या मुलासारखं, सरळ, न हलता. मी फोटो काढला.

मंडळी टाक्या बघायला गेली तेव्हा मी बाहेर आले. लिंबाखाली मामा मोटारसायकलपाशी उभे होते, थांबलेच होते. मला वाटलं आता रागावणार. पण ते आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “कशी लागली गं?”

मला कळेना.

“काळी. कशी झालीय? हे बघ, खरड छाटणीच्या आत मला ठरवायचंय, ठेवायची का काढायची. एप्रिलला छाटणी लागंल. लय कष्ट खाती ती. मालक म्हणतोय, तुमच्या मनावर हाय. त्यो भिडस्त माणूस, त्यो काय बोलणार? येणारी माणसं घेत्यात फोटू आणि जात्यात. तू घरची. तुला चव कळती. चांगली असली तर ठेवतो, न्हाईतर न्हाई. खरं काय ते सांग.”

आत मी हेच सांगत होते. पाच मिनिटांपूर्वी, परक्या माणसांना, न मागता. आणि ज्या एका माणसाला ते ऐकायचं होतं तो समोर उभा होता. पण माझ्या तोंडाला वास येत असेल या भीतीनं मी एक पाऊल मागे घेतलं.

“मी नाही घेतली, मामा,” मी म्हणाले. “ग्लास नुसता हातात धरला होता.”

त्यांनी मोटारसायकलचा स्टँड काढला. मग म्हणाले, “व्हय व्हय. बरं.” किक मारली. “जा आत. तुझी माणसं शोधत असतील.”

पुढचे दिवस मी रोज त्यांना फोन करायचं ठरवत होते. मेसेज लिहून पुसायचे. मराठीत लिहिताना चवीचे शब्द सापडत नव्हते आणि इंग्रजीत लिहिणं मूर्खपणाचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. खरी अडचण शब्दांची नव्हती. चव सांगायची तर आधी प्यायले हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की ‘काका’ही त्याच्या मागोमाग येणार. एप्रिल लागला. एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवताना आई सहज म्हणाली, “दादा ज्यूसमधली काळी काढतोय म्हणे.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पहिल्या गाडीनं सांगलीला गेले आणि तिथून पुढे गावाला. मामा बागेत आहेत असं मामींनी सांगितलं.

लांबूनच कळलं. साड्या तारांवर नव्हत्या. त्या घड्या घालून बांधावर ठेवल्या होत्या, वर दगड. निम्म्याहून जास्त ओळी जमिनीपासून वीतभर अंतरावर कापलेल्या. एप्रिलमध्ये द्राक्षाचं खोड कापलं की त्यातून पाणी गळतं. प्रत्येक बुंध्याच्या कापाला एक थेंब लोंबत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. मामा करवत घेऊन ओळीच्या मध्यावर बसले होते.

“आलीस? एकटीच?”

“मामा, थांबा. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी प्यायले होते. तीन घोट. ती फार चांगली होती.”

करवत थांबली.

“पिलीवतीस ते ठाव हाय मला,” ते म्हणाले. “ते न्हवं. तू न्हाई घेतली म्हणालीस, तवा मी समजलो की बेचव हाय. आपल्यात कुणाकडं जेवायला गेलं आणि ताटातलं बरं नसलं, की आपण काय म्हणतो? आज उपास हाय. तोंडावर कोण सांगतंय? मला वाटलं, पोरगी मोठी झाली, मामाचं मन राखती.”

मी तिथेच ढेकळावर बसले. माझा भित्रेपणा त्यांनी माझा चांगुलपणा समजला होता, आणि त्यावर विश्वास ठेवून करवत चालवली होती. मी काही न बोलता रस्त्याकडे पळाले असते तरी त्यांना त्यातून काही वेगळं समजलं असतं. मी नेमकं तसंच न खाल्ल्याचं निमित्त सांगितलं होतं, जसं आमच्या घरात बेचव जेवणाला सांगतात, आणि मला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

“मग तवा का सांगितलं न्हाईस?”

“लाज वाटली.”

“कशाची? पिल्याची, का माझी?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी द्राक्षाबद्दल विचारावं तसं विचारलं होतं, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘पिल्याची’ म्हटलं असतं तर ते सोपं होतं. त्याला माफी आहे, प्रायश्चित्त आहे, मामींपाशी रडणं आहे.

“तुमची,” मी म्हणाले.

मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर दोनदा झटकली, पुन्हा घातली. “हं,” म्हणाले. एवढंच. मग करवत जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, “आता सांग. कशी व्हती?”

मी सांगितलं. मराठीत, अडखळत. करवंदाच्या द्रोणाचं सांगितलं. हलकी पण लवकर न जाणारी, असं सांगितलं. ते मध्ये मध्ये विचारत होते. “तुरट म्हंजे जांभळावानी का सुपारीवानी?” “घशाला लागती का जिभंला?” “आणि भाजल्याला वास? जळाल्याला मणी आला असंल तर कळंल.” मी आठवून आठवून उत्तरं दिली. भाजल्याचा वास नव्हता. साड्यांनी काम केलं होतं. हे ऐकल्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

उरलेल्या ओळी ठेवा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, “एवढ्यानं मालकाची टाकी भरत न्हाई गं.” आणि ते खरं होतं.

मग त्यांनी बांधापलीकडे हात केला. तिथे शार्डनेच्या ओळी नीट छाटून उभ्या होत्या.

“आणि पांढरी?”

तीही चांगली आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते आत्ता कष्टी होते, त्यांना बरं वाटलं असतं.

“सुरुवातीला छान लागते,” मी म्हणाले. “पण शेवटी सपाट आहे. आंबटपणा कमी पडतो.”

मामांचा हात आपोआप बुंध्यावरचं पाणी पुसत होता.

“म्हंजे उशिरा तोडली,” ते म्हणाले. “आठ दिस आधी तोडाय पायजे व्हती.” आणि त्यांनी पुन्हा करवत उचलली.