केसांच्या पुड्या

परळीत बायकांचं पार्लर काढायचंय, असं मी जेवणाच्या वेळी म्हणाले आणि आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, भाकरी तव्यावर करपली.

"बाईचे केस कापायचे? आन् तेबी महादेवाच्या गावात?"

लग्नाआधी मी लातूरला मावशीकडे राहून तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं. राग तर माझ्या नाकावरच असायचा. मी म्हणाले, "महादेवाच्या जटांना कोण हात लावतंय?" आमचे हे ताटात बघून हसले. ते हसले म्हणजे पैशांची सोय झाली, हे मला ठाऊक होतं.

आत्याबाईंनी दोन अटी घातल्या. "शिवरात्रीला पाहुण्यांनी घर भरतंय. तवर पुढची खोली तुझी. चाललं तर चाललं, न्हाई तर खुर्ची उचलायची. आन् चुलीपाशी एक जरी केस दिसला, तर त्याच दिवशी बंद." त्यांची लिंगपूजा झाल्याशिवाय घरात चहाचं आधण चढत नसे. अशा घरात मी कात्री घेऊन बसणार होते. आज विचार केला की त्यांनी 'हो' म्हटलं कसं, याचंच नवल वाटतं.

पुढच्या खोलीतली ज्वारीची पोती माडीवर गेली. फिरती खुर्ची बीडहून एस.टी.च्या टपावर आली. रस्त्यावरून कुणाला आत दिसू नये म्हणून मी फुलाफुलांचा पडदा लावला. तेव्हा गावात नुकतंच केबल आलं होतं, किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. मला वाटलं, आता बायकांची रांग लागणार. रोज सकाळी आरशावर थर्मलची, म्हणजे गावाजवळच्या वीजकेंद्राची, राख बसायची. ती पुसायची आणि वाट बघत बसायचं, एवढंच काम होतं. सोमवारी महादेवाचा उपास, शनिवारी केसांना कात्री नको, अमावास्या नको, चतुर्थी नको. उरलेल्या दिवसांत थर्मलच्या कॉलनीतल्या दोन-तीन साहेबांच्या बायका यायच्या आणि बॉयकट करून जायच्या. गल्लीतली एकही बाई पडदा सारून आत आली नाही. आरशात मीच माझी वेणी घालायची, कंगव्यातलं गुंतवळ काढून खिडकीत ठेवायची आणि विसरून जायची. दुसऱ्या दिवशी ते तिथं नसायचं. वाऱ्यानं गेलं असेल म्हणून मी कधी बघितलंही नाही.

शिवरात्रीला महिना उरला असताना समोरची शेजारीण तिच्या लेकीला घेऊन आली. बारावीतली पोर, कमरेच्या खाली केस, लग्नाची बोलणी चाललेली. आई म्हणाली, चार बोटं काप. पोरीनं आरशातून माझ्याकडं असं बघितलं, की मी चांगली वीतभर कापली. दोघी खूश होऊन गेल्या. मीही खूश. केस झाडून घरामागच्या उकिरड्यावर टाकले आणि गाणं गुणगुणत खुर्ची पुसली.

दिवेलागणीच्या आत शेजारीण परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केस कुठं हायेत? पोरीच्या अंगात ताप भरलाय."

मी म्हणाले, उकिरड्यावर. तिनं कपाळावर हात मारला. "अगं, लग्न ठरायला लागलेल्या पोरीचे केस असे उघड्यावर टाकत असत्यात का? कुणाच्या हाती लागले तर? विश्वासानं आले, आन् तू केसानं गळा कापलास!"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी शिकलेली ना! केसांनी कुणाला ताप येत नाही, हा अडाणीपणा आहे, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती ओरडायला लागली. दारात बायका गोळा झाल्या. त्यांच्याकडं बघूनच मला कळलं, की आता शिवरात्रीची वाट बघायची गरज नाही, दुकान आजच बुडालं.

आत्याबाई आतून आल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी कोपऱ्यातलं सूप घेतलं आणि मागच्या दारानं थेट उकिरड्यावर गेल्या. मी मागं धावले. लिंगपूजेशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी ती बाई राखेत, भाजीच्या देठांत, कोंबड्यांनी उकरलेल्या घाणीत हात घालून केस वेचत होती. मला रडू आलं. मीही खाली बसले.

"रडू नको. लांब लांब ते वेच. मेंदी लावलेले हायेत, उन्हात लाल दिसतील," त्या म्हणाल्या.

उन्हं संपेपर्यंत आम्ही वेचत होतो. त्यांनी ते केस धुतले, फडक्यानं टिपले, कागदाच्या पुडीत बांधले आणि शेजारणीच्या हातावर ठेवले. "घे. ताप थंडीचा हाय, पोरीला काढा दे. आन् माझ्या सुनेला काय म्हणायचं असंल ते मला म्हण."

सगळ्या गेल्यावर मी खुर्ची उचलायला लागले. त्या म्हणाल्या, "कावून उचलतीस? तू कात्री शिकलीस, बाई शिकली न्हाईस. आपल्या अंगाचं हाय ते. मान असतो त्याला."

दुसऱ्या दिवशी त्या पडद्याजवळ पाट टाकून बसल्या. पुढ्यात जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन. मी कापायची, त्या केस गोळा करून पुडी बांधायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायच्या. कॉलनीतल्या बायका हसायच्या, पण पुडी पर्समध्ये टाकायच्या. गल्लीत मात्र बातमी पसरली, की त्या घरी केस परत देतात. मग एकेक बाई यायला लागली. शिवरात्रीला पाहुणे आले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्या वळकट्या माडीवर ज्वारीच्या पोत्यांशेजारी टाकल्या. खुर्चीचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला. बरी झाले आणि केस झडायला लागले. मूठमूठ यायचे. महिन्याभरात वेणी करंगळीएवढी झाली. मी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते. जिच्या डोक्यावर केस नाहीत, तिच्याकडं केस कापायला कोण येणार? मी पडदा ओढून घेतला आणि तब्येतीचं कारण सांगून दुकान बंद ठेवलं.

एक बाई दारावर गुंतवळ मागायला यायची. त्याच्या बदल्यात ती सुया, पिना द्यायची. एके दिवशी आत्याबाई तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "खुर्चीत बस."

"मी?"

"मग काय मी बसू?"

मी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर काढला, उरलेले केस हळूहळू विंचरले. मग कनवटीचं फडकं सोडून त्यांनी एक गंगावन काढलं. काळंभोर, लांब, टोकाला जरासं कुरळं. माझे केस टोकाला तसेच कुरळे आहेत.

"ह्या घरात आलीस तवापासून तुझं गुंतवळ ठिवत आले. लई येंधळी हायेस, कुठंबी टाकतीस. त्या सुया-पिनावालीकडून करून घेतलं. ह्यात एकबी परका केस न्हाई."

आरशात मला त्या नीट दिसेनात, डोळे भरून आले होते. त्यांनी ते माझ्या केसांत गुंफलं, अंबाडा घातला, पिना टोचल्या. मग दाराशी जाऊन पडदा बाजूला सरकवला.

परत आल्या तेव्हा त्यांनी कंगव्यात अडकलेले माझे चार-पाच केस काढले, वर्तमानपत्राच्या चौकोनात बांधले आणि पुडी माझ्या हातावर ठेवली, गिऱ्हाइकाला देतात तशी.