दुधाच्या पिशवीतली गुटी

बेलापूरच्या आमच्या बैठ्या घरामागचा पेरू म्हणजे साधंसुधं झाड नव्हे. एकदा त्याचं एक फळ खाली पडलं, तर तिकडे खाडीपलीकडे मोरा बंदराच्या धक्क्याला बांधलेल्या होड्या हलल्या. मी या डोळ्यांनी पाहिलं. बायको म्हणायची, "अहो, तेव्हा तुम्ही न्हाव्याकडे बसला होतात."

झाड तिनं लावलेलं. फाल्गुनात ती गेली. आषाढात घर पाडून नवं बांधायचं नक्की झालं. दसऱ्याआधी परस मोकळं करून द्यायचं होतं, म्हणजे पेरू जाणार. एक फांदी तरी वाचावी म्हणून मी गुटी बांधायला घेतली. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक आणि सुतळी. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात.

माझ्या हातून आजवर लाखभर गुट्या मेल्या असतील. बरं, अकरा. मला दम निघत नसे. तिसऱ्या दिवशी सोडून बघायचो, पाचव्या दिवशी परत. ती ओरडायची, "मुळांना लाज वाटते हो! सारखं काय उघडून बघता?"

प्लास्टिक पारदर्शक घेतात, आतलं दिसावं म्हणून. मला सापडली ती दुधाची पांढरी पिशवी, तिनं धुऊन खिडकीच्या गजाला अडकवलेली. तेव्हापासून तिथंच होती. तीच बांधली.

आणि ती मी उघडली नाही. शहाणपण नव्हे. बघावंसं वाटलंच नाही. समोर चहा गार व्हायचा, पाऊस पडायचा, थांबायचा. मी बसलेलो असायचो.

शेजारची वहिनी मूळची मोऱ्याची. कुंपणावरून म्हणाली, "भाऊ, महिना झाला, एक थाप नाय मारली तुमी. मुळं आली काय? हातभर?"

"माहीत नाही."

"बगितलं नाय? तुमी?" ती घाबरलीच. "ताप-बिप हाय काय?"

भाद्रपद सरता सरता गुटीच्या खालून फांदी कापली. वहिनी कुंपणाशी आलीच. मी सुतळी सोडली. शेवाळातून चहूबाजूंनी पांढरी मुळं बाहेर आलेली.

"आता सांगा, केवढी?"

मी तोंड उघडलं. सवयीनं काहीतरी यायला हवं होतं.

"बोटभर," मी म्हणालो.

तेवढीच होती. वहिनी हसली नाही. मी फांदी कुंडीत लावली, माती दाबली, पाणी घातलं. मग पिशवी नळाखाली धुतली आणि त्याच गजाला अडकवली.