चूलबंद आवतण

त्याने मला फसवलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याचं कौतुक वाटलं तरी तुम्ही माझ्या बाजूने राहाल.

मी पगारावर ठेवलेला माणूस तो. कोडमध्ये कुठली हेडर फाईल, म्हणजे बाहेरून बोलावलेली तयार व्याख्यांची यादी, जोडलेली दिसली की तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "हिले आवतन कोनं देलं?"

चिखलीत माझं इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचं दुकान आहे. काट्यावरचं वजन संगणकापर्यंत पोचवणारा ड्रायव्हर मी स्वतः लिहिला, कुणाच्या हाताखाली न शिकता. ऑपरेटिंग सिस्टीमच्या चार हेडर जोडल्या, की त्यांच्या मागून बाकीच्या आपोआप येत. काम भागत होतं.

कामावर आला त्या पहिल्याच दिवशी तो कोड बघून हसला. "भाऊ, हे तर चूलबंद आवतन झालं. घरात चूल पेटवाची नाही, सारं घर जेवाले हजर. पंगतीत कोन कोनाचं, काही पत्ता हाय?"

"जेवतात तं जेवू दे न बे! तुह्या घरचं जाते का?"

"एक पावना रुसला का मंग समजन."

मग तो एकेक ओळ बंद करून ड्रायव्हर पुन्हा बांधून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम होतो का ते, पाहत बसायचा. ज्या फाईलला जे लागतं, ते तिनेच थेट बोलवायचं, हा त्याचा हट्ट. पाटीवर नाव माझं, आणि गिऱ्हाईक दारातून माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, "ते नाहीत का?"

डोणगावच्या एका अडत्याने नवा संगणक घेतला. त्याच्याकडे मी, त्याने साफ केलेला नव्हे, माझाच जुना ड्रायव्हर नेला. माझ्या दुकानातून माझाच जाणार. तो बांधलाच जाईना. ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत एका हेडरने दुसरीला सोबत आणणं बंद केलं होतं, आणि माझं सगळं काम त्या दुसरीवर. बाहेर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग, आत माझा घाम. शेवटी त्याला बोलवावं लागलं.

त्याने एक ओळ लिहिली. काटा बोलू लागला.

"याले म्हनते इंजिनियर!" अडत्या माझ्यासमोर म्हणाला.

"ड्रायव्हर भाऊचाच हाय," तो म्हणाला. "म्या फक्त एक आवतन देलं."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

मग पुण्याच्या एका कंपनीने त्याला नोकरीवर बोलावलं. मी तयारीत होतो. तो पगाराचा आकडा सांगेल, मी ओरडेन, तो उठेल, मी दारातून परत बोलवीन, मधे कुठेतरी जमेल. आयुष्यभर मी असेच सौदे केले. त्याने आकडाच सांगितला नाही. दुकानाची किल्ली काट्यावर ठेवली, "येतो भाऊ" म्हणाला आणि एसटीत बसला. किल्लीचं वजन समोर लाल अक्षरांत दिसत राहिलं.

आता ड्रायव्हर उघडला की प्रत्येक फाईलच्या माथ्यावर मोजकी आवतणं दिसतात. एकही फुकटी नाही, एकही विसरलेली नाही. सगळ्यात वर नाव माझं एकट्याचं.

प्रत्येक ओळीला उभं करून तू जाब विचारलास. मग आता मी विचारतो. मला एकदाही भाव करू न देता गेलास काऊन? सांग बे!