लीलाक्काची खरी मिनिटं

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बहिणीजवळ नाही, लेकीजवळ नाही. मुक्ताईच्या देवळात डोकं टेकवलं तेव्हा ती ओठांपर्यंत आली होती, पण तिथेही मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागितलं आणि बाहेर आले. आता लेकीची जुनी वही सापडली आहे, मागची पानं कोरी आहेत, म्हणून लिहिते. कोण वाचेल ठाऊक नाही. जी कोणी वाचशील तिला मी तू म्हणणार. परक्या बाईशी मला बोलता येत नाही, तेव्हा तू ओळखीची आहेस असंच धरते.

आधी जे मला पाप वाटत नाही ते सांगून टाकते. नाहीतर तू त्यातच अडकून बसशील.

रावेरच्या बाहेर केळीचं पॅकिंग आहे, तिथे मी कामाला आहे. घड येतात, आम्ही फण्या वेगळ्या करतो, तुरटीच्या पाण्यात धुतो, पुसतो, वजन करून खोक्यात भरतो. चोवीस बाया. आणि संडास एक — आवाराच्या पार टोकाला, ट्रॅक्टर लागतात त्याच्याही पलीकडे. दाराला आतून कडी नाही. एक बाई आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. म्हणजे एकीच्या जाण्यात दोघींचा वेळ. हे मालकाला कोण सांगणार? आमच्यातली कोण त्याच्यासमोर उभी राहून संडास हा शब्द उच्चारणार?

मालकाचं ऑफिस जळगावला. त्याला वाटलं, बाया फार वेळ बाहेर असतात. मग ऑफिसातून एक इंजिनिअर पोरगी आली, चष्मा लावलेली, हसऱ्या तोंडाची. तिने पॅकिंगच्या मोबाईलवर एक पान उघडून दाखवलं. प्रत्येक बाईचा नंबर, नाव, दिवसभरात बाहेर किती मिनिटं, कारण काय — असे रकाने, आणि खाली 'पाठवा'. हे भरायला कोणीतरी लिहिता-वाचता येणारं हवं होतं. मुकादम नानांनी माझं नाव दिलं. चौथी झालेल्या आणखी दोघी होत्या, पण नाना म्हणाले, "सुमनच बरी. ती बोलत नाही."

जी बोलत नाही ती खोटंही बोलत नसेल, असं लोकांना का वाटतं?

त्या पोरीने मला सगळं समजावलं. म्हणाली, "ताई, तुम्ही खोक्यावर चिठ्ठी लावता ना, कुठल्या शेतातला माल, किती वजन, तसंच आहे हे. प्रत्येक रकान्याला नाव आहे, त्या नावाशी आकडा बांधला जातो, आणि सगळ्याचं एक पुडकं होऊन जळगावला जातं. तिथे एक प्रोग्राम आहे, तो पुडकं सोडतो आणि जे ते आपापल्या जागी ठेवतो." मी तिला एक प्रश्न विचारला. परक्या माणसाला आपणहून विचारलेला माझा बहुतेक पहिलाच. म्हटलं, आकडा खरा की खोटा हे त्याला कळतं का? ती हसली. "नाही हो ताई. रकाना रिकामा नाही ना, आणि आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, तेवढंच तो बघतो. रिकामा असला तर लाल होतो, पुढे जातच नाही."

मी ते नीट ऐकून ठेवलं.

दिवसाला पंधरा मिनिटांची मुभा होती. कोणती बाई पंधरा मिनिटांत भागवणार होती? रांगेतच दहा जात. तेव्हा मी पहिल्या दिवसापासून खोटं भरलं. सगळ्यांना शून्य टाकलं असतं तर कोणालाही संशय आला असता, म्हणून कोणाला सात, कोणाला अकरा, कोणाला नऊ. रोज बदलून. मासिक पाळीतल्या बाईला दोन जास्त, खरं वाटावं म्हणून. कारणाच्या रकान्यात सगळ्यांना 'पाणी'. 'पाठवा' दाबलं की गोल फिरायचं, मग हिरवं व्हायचं — नोंद झाली. दीड वर्ष रोज हिरवं झालं. घड्याळाकडे मी बघतसुद्धा नव्हते.

बायांना हे मी सांगितलं नाही, त्यांना ते आपोआप कळलं. कोणाला बोलणी बसेनात. एक दिवस एकीने गुपचूप माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी ठेवली. तू म्हणशील, ही फसवणूक झाली. झाली. बायांच्या लघवीची मिनिटं मोजणाऱ्याला मी फसवलं, आणि उद्या सकाळी कामावर जाईन तेव्हा परत फसवीन. त्याची मला एका मिनिटाचीही लाज नाही.

आता पुढचं — पुढचं लिहायला हात थांबतो. थांबू दे. मी लिहिणार आहे.

लीलाक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. धुण्याच्या टाकीवर असायची. पाच बाळंतपणं झालेली, हात भराभर चालायचे आणि तोंड त्याहून भराभर. एकदा तिने मला पंपाच्या मागे नेलं. म्हणाली, तिचं अंग बाहेर येतं. पाण्यात उभं राहून राहून वाढलंय. बसून हाताने सावरावं लागतं, तोवर उठता येत नाही. "घरात कोणाले माहीत नाही व सुमन. तुले सांगते, तू बोलत नाही म्हणून." मी मान हलवली. त्या दिवसापासून ती जायची तेव्हा दार धरायला मीच जायचे. ती बराच वेळ आत असायची. मी बाहेर उभी राहून आवाराच्या भिंतीकडे बघत राहायचे. मला तेव्हा बरं वाटायचं, हेही लिहून ठेवते. कोणीतरी मला काहीतरी सांगितलं होतं.

आणि मग तो दुपारचा डबा. सगळ्या गोल करून बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, सुमन आज काहीच बोलली नाही. लीलाक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ती कधी बोलते व? म्हणून तं नवऱ्याले कळलंच नाही घरात बायको आहे का नाही. गेला बिचारा सुरतले, बोलणारी पाहाले."

तेवीस बाया हसल्या. चांगलंच बोलली होती ती, म्हणूनच हसल्या. एकीला तर ठसका लागला, तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. लीलाक्काने लगेच माझ्या भाकरीवर तिच्या डब्यातलं लोणचं ठेवलं. तिच्या लेखी ते तिथेच मिटलं. मी ते लोणचं खाल्लंसुद्धा.

माझा नवरा खरंच सुरतला आहे. खरंच दुसरी आहे. हे सगळ्यांना माहीत होतं, मग लागलं कशाने? ती खोटं बोलली म्हणून नाही. मी स्वतःशी रोज जे म्हणायचे तेच ती मोठ्याने म्हणाली — म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती संडासाकडे निघाली. दार धरायला मी गेले नाही, दुसरीला पाठवलं. आणि वजनकाट्याच्या वर भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा. ती परत आली तेव्हा पुन्हा बघितलं. दिवसभर तिच्या प्रत्येक फेरीला बघत राहिले, फक्त तिच्या. संध्याकाळी तेवीस जणींची मिनिटं नेहमीसारखी मनाने भरली. लीलाक्काच्या रकान्यात सेहेचाळीस टाकलं. खरं. अगदी खरं. कारणाच्या रकान्यात 'इतर'.

पाठवलं. हिरवं झालं.

तुला वाटेल, रागाच्या भरात झालं. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगितलं — एकदाच झालं, हात चुकला, राग होता. नाही. भरलेली नोंद त्या दिवशी रात्री आठपर्यंत परत उघडून दुरुस्त करता यायची, त्या पोरीने ते बटणही दाखवलं होतं. मी घरी जाण्याआधी ती नोंद उघडली. सेहेचाळीसवर बोट ठेवलं. आणि तशीच बंद केली. मग दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. मग बावन्न. नऊ दिवस. राग तर तीन दिवसांत गेला होता, मग बाकीचे सहा दिवस काय होतं? मला आवडत होतं. ती हसत, बडबडत समोरून जायची, आणि तिचा आकडा माझ्या हातात असायचा.

आणि हेही मला कळत होतं — खरं भरलं असतं तर सगळ्याच बायांचे तीस-पस्तीस निघाले असते. त्यांच्यात तिचे सेहेचाळीस लपून गेले असते. माझ्या खोट्या साता-नवांच्या रांगेत ती एकटी उघडी पडली. मी इतरांसाठी जे खोटं बोलले, त्यानेच तिचं खरं इतकं मोठं दिसलं. हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही.

दहाव्या दिवशी नाना मोबाईल घेऊन टाकीपाशी आले. जळगावहून यादी आली होती. ते वाईट माणूस नाहीत, तेही अवघडले होते.

"काय व लीलाबाई, बाकीच्यांचं दहा मिनिटांत भागतं, तू रोज पाऊण तास कुठं जाते?"

ट्रकवर खोकी चढवणारे चार गडी तिथेच उभे होते. त्यांच्यासमोर ती काय सांगणार? जिचं तोंड कधी बंद नसायचं, तिने पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता तिच्या नजरेत. कारण माहीत असलेली तिथे मी एकटीच होते, म्हणून बघितलं. मी एवढंच म्हणायचं होतं, "नाना, तिची तब्येत बरी नाही." पाच शब्द. मी हातातल्या फणीवरचा चीक पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

मी लाजरी आहे म्हणून बोलले नाही असं लिहू का? लिहिलं तर तू मानशीलही. पण लाजेने माझी जीभ धरली नव्हती. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी घरी जाताना रिक्षात ती माझ्याच शेजारी बसली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "सुमन, तू माह्यं बरोबर टाकलं होतं ना व?"

"बरोबरच टाकलं, अक्का."

"मंग त्याहीच्या प्रोग्राममध्येच काहीतरी गडबड आहे." आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला, मलाच धीर द्यायला.

बरोबरच टाकलं. आयुष्यात इतकं खरं बोलून इतका मोठा घात दुसऱ्या कोणी केला असेल का? बाकी बायांनी तिची बाजू घेतली नाही. त्यांना वाटलं, सुमन सगळ्यांना सांभाळते, लीलाचंच काहीतरी असेल. त्यांनी तिच्याबद्दल नको ते तर्कही केले. मी ते ऐकले, आणि खोक्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले. नानांनी टाकीवर दुसरी बाई घेतली. तिलाही मी रोज आठ-नऊ मिनिटं देते.

गेल्या पावसाळ्यानंतर लीलाक्का माझ्या घरी आली. वाळली होती. शेतात गवत निंदायला जायची, पण वाकून काम होत नव्हतं. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, सरकारी योजनेतून होणार होतं, आणि त्याचा अर्ज मोबाईलवर भरायचा होता. लेकाला सांगायची लाज वाटत होती. "तुले माहीतच आहे सगळं," ती म्हणाली, "म्हणून तुह्याकडेच आली."

मी भरला. नाव, वय, गाव, आजार. आजाराच्या रकान्यात काय लिहायचं ते तिने माझ्या कानात सांगितलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी. मग आलं, सध्या काम करता का — हो, नाही. ती म्हणाली, "पॅकिंगले होती असं लिही." तसा रकाना नव्हता. दोनच होते. मी 'नाही' दाबलं. पाठवलं. ती वाकून बघत होती. "गेलं का?" "गेलं."

तेव्हा सांगता आलं असतं. दार लावलेलं होतं, चहा व्हायचा होता, आम्ही दोघीच होतो. मी साखर किती घालू ते विचारलं.

जाताना तिने पिशवीतून बांधावरची वांगी काढली, हिरवी, भरताची, चार चांगली मोठी. नको म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, हे कारण मला सापडतं, पण ते खरं नाही. मला ती हवी होती. ती गेल्यावर मी ती वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, मिरच्या आणि लसूण कुटून भरीत केलं, आणि पोटभर जेवले.