वन्समोर आणि बाबांचा चौथा प्रश्न

या कम्युनिटीवर मी फक्त वाचतो. आज मात्र लिहावंसं वाटलं.

दुपारी वडशाजवळच्या गावात झाडीपट्टी रंगभूमीच्या एका संगीत नाटकाची तालीम पाहिली. त्यात स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा विचारतो, "सूनबाई, माही सायकल कुठी आहे वं?" सून गाऊन सांगते, "अंगणात आहे मामाजी, पुसून ठेवली."

जमलेले लोक ओरडले, "वन्समोर!" म्हाताऱ्याने पुन्हा पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारलं. तिने तितक्याच मायेने गायलं. असं तीनदा झालं. तरी माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अजून एकदा होऊ द्या ना, मन नाई भरलं!"

माझ्या बाबांनाही स्मृतिभ्रंश होता. आलापल्लीची बस आली का, असं ते पुन्हा पुन्हा विचारायचे. तिसऱ्या वेळी मी ओरडायचो, "किती वेळा सांगू तुमाले?" चौथ्यांदा ते विचारायला तोंड उघडायचे आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायचे.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. तो न विचारलेला प्रश्न मला घरात रोज ऐकू येतो. आज परतल्यावर त्यांच्या रिकाम्या खाटेजवळ उभं राहून मी मोठ्याने म्हणालो, "येते बाबा, बस येते."

तुमच्या घरी असं कोणी आहे का? कितव्या वेळी तुमचा आवाज चढतो?