कवठाखालची पाइपलाइन

भोपाळला जायचं ठरलं ते भागवतच्या फोनमुळे. भागवत मूळचा ग्वाल्हेरचा, भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पाणीपुरवठा विभागात बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. म्हणाला, "सर, आपली जुनी मेन लाइन बदलतायत. पण खुदाई नाही करणार. अंदरून पाइप फोडत जाणार. परवा दिवशी तुमच्या गल्लीचा नंबर."

"कवठ आहे का रे अजून?" मी विचारलं.

"कबीट? आहे ना. फळांनी लदलेलं आहे."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, ते झाड आता माझ्याच चुकीनं जाणार आहे. ही गोष्ट फोनवरही सांगता आली असती. पण स्वतःच्या सहीचं ड्रॉइंग खोटं आहे, हे फोनवर सांगायला जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर, जायला एक निमित्त हवंच होतं.

पुण्याहून दुपारी गाडीत बसलं की सकाळी भोपाळ. खालचा बर्थ मिळाला. सहावीच्या गुरुजींनी चालीवर पाठ करून घेतलेल्या कविता गाडीत बसल्यावर अजून आपोआप ओठांवर येतात. निम्मे शब्द विसरलोय, चाल मात्र शाबूत आहे. पूर्वी विसरलेला शब्द समोरच्या बाकावरून माझी बायको सुधा भरायची. या खेपेला तिथं एक गृहस्थ कानात वायर घालून झोपले होते.

जाणार असाल तर थंडी ओसरताना जा, स्वेटर एकच पुरतो. स्टेशनवरून टाउनशिपजवळच्या इंद्रपुरीकडे सिटी बस मिळते. रिक्षावाल्याला आधीच भाव विचारून घ्या. इंद्रपुरीत एका साध्या लॉजवर उतरलो. खाली पोह्यांची गाडी होती. वर शेव, बाजूला जलेबी, पोह्यांत बडीशेपेचा दाणा. आमच्या घरी सुरुवातीला या बडीशेपेवरून भांडण व्हायचं. नंतर सुधाच घालायला लागली.

टाउनशिपच्या गेटवर गार्डनं अडवलं. "किससे मिलना है, अंकल?"

पस्तीस वर्षं या गेटातून सायकल मारली होती. भागवतचं नाव सांगितलं.

आत रस्ते तेच, रुंद आणि सावलीचे. पण निम्मी क्वार्टर्स बंद. आमच्या दाराला कुलूप, कडीवर गंज. पुढच्या अंगणात कुंपणालगत कवठ उभं होतं, आमच्या वेळेपेक्षा दुप्पट. सुधानं महाशिवरात्रीच्या चटणीसाठी आणलेल्या कवठाचं बी तिथं टाकलं होतं. फळ धरायला पंधरा वर्षं लागली आणि सोळाव्या वर्षी मी निवृत्त झालो.

गल्लीच्या टोकाला खड्डा घेऊन यंत्र बसवलेलं. तिथली इंजिनिअर ऋचा, उज्जैनच्या मराठी घरातली, कोलार रोडला राहणारी मुलगी. तिनं समजावून सांगितलं. जुन्या बिडाच्या पाइपातून एक निमुळतं पोलादी डोकं ओढत नेतात. ते पाइप आतून फोडतं, तुकडे आजूबाजूच्या मातीत दाबतं, आणि त्याच्या मागे जोडलेला काळा प्लास्टिकचा नवा पाइप त्याच जागी बसत जातो. रस्ता शाबूत, झाडं शाबूत. खड्डे फक्त दोन टोकांना, आणि जिथं घरांची कनेक्शन्स आहेत तिथं.

"काका, तुमच्या क्वार्टरसमोर तर एकदम सीधी लाइन आहे. टेन्शन नाही." तिनं ड्रॉइंग दाखवलं. खाली माझी सही.

मी म्हटलं, "ते ड्रॉइंग खोटं आहे."

भागवत हसायला लागला, मग थांबला.

सांगून टाकलं. या झाडाखाली एक सांधा गळायचा. वरून हुकूम होता की झाड काढा आणि सांधा बदला. एका रविवारी मी आणि एका जुन्या फिटरनं मुळांच्या मधून हात घालून त्या सांध्याभोवती काँक्रीट ओतलं. गळती थांबली. झाड काढल्याचा कागद मी वर पाठवला आणि ड्रॉइंगवर काहीच दाखवलं नाही.

ऋचानं पेन कानामागे अडकवलं. "म्हणजे डोकं उद्या तिथं अटकलं असतं. मग मला तिथंच खड्डा करावा लागला असता, काका. पेड तर गेलंच असतं."

"म्हणून आलो."

"बावीस साल सोबत होतो," भागवत म्हणाला, "आणि मला नाही सांगितलं?"

"तू बोलघेवडा होतास."

"होतो नाही, आहे. पण वहिनींच्या झाडाचं मी कोणाला बोललो असतो का?"



ऋचानं तासभर फोनाफोनी केली. शेवटी ठरलं की फोडणं झाडाच्या अलीकडे थांबवायचं आणि तेवढा टप्पा रस्त्याच्या पलीकडून, खोलवर आडवं छिद्र पाडून न्यायचा. काँक्रीटचा तुकडा झाडाखाली तसाच राहील, कोरडा. नव्या ड्रॉइंगवर तिनं ते वळण काढलं. "इथं कारण लिहावं लागतं. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं : कवठाचं झाड. या वेळी खरं.

दुसऱ्या दिवशी काम पाहिलं. पायाखाली थरथर जाणवत होती, दूरची मालगाडी जावी तशी. मी घातलेली लाइन तुकड्या-तुकड्यांनी मातीत जात होती, आणि गल्लीत एक बाई निवांत कपडे वाळत घालत होती. संध्याकाळी भागवतनं स्टेशनवर पिशवी हातात दिली. आत तीन कवठं.

पुण्यात परतलो तो महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. सकाळी एक कवठ फोडलं. गर, गूळ, तिखट, जिरं, मीठ. सगळं घातलं. चटणी आंबट झाली. गूळ वाढवला, तर नुसती गोड. सुधा मुठीनं घ्यायची आणि मी कधी तिच्या मुठीकडे पाहिलं नाही. कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

दोन कवठं अजून ओट्यावर आहेत. एक उद्या करून बघेन.